४० किलोहर्ट्‌झच्या स्पीकरबद्दल

एमजी रोडवरच्या दुकानात ४० किलोहर्ट्‌झपर्यंत (म्हणजे सेकंदाला ४० हजार कंपनांपर्यंत; हा आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक) वाजणारा स्पीकर दाखवला, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, असं एकाने विचारलंय. मी तरी मोजणार नाही. माणसाचा कान ढोबळमानाने २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ ऐकतो, तेही तरुणपणी. पन्नाशीत बहुतेकांना १५ किलोहर्ट्‌झसुद्धा जड जातं. सीडीत तर २२.०५ किलोहर्ट्‌झच्या वरचं काही नसतंच.

खरी मेख खालच्या टोकाला आहे. २० हर्ट्‌झच्या लहरीची हवेतली लांबी सुमारे १७ मीटर. आवाज एक सप्तक खाली उतरला की तेवढ्याच जोरासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. चार इंची डबडं ते कुठून करणार? म्हणूनच मिरवणुकीत छातीत घुमणारा नाशिक ढोल मोबाइलवर नुसता टिपरूचा टकटकाट होतो. तंबोऱ्याचा खर्ज मात्र मोबाइलवरही ओळखू येतो, कारण वरचे स्वरांश (मूळ स्वरासोबतच वाजणारे बारीक स्वर) ऐकून मेंदू गळालेला पाया स्वतःच भरून काढतो. (ही लबाडी मला फार आवडते!)

खोक्यावरच्या आकड्यापुढे ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ (म्हणजे त्या पट्ट्यात आवाजाचा जोर ३ डेसिबलपेक्षा जास्त वर-खाली होत नाही) असं लिहिलंय का बघा. नसेल तर ‘४० हर्ट्‌झपासून’ म्हणजे तिथे जेमतेम कुजबुजही असू शकते. आणि दुकानात ओळखीचं ढोलाचं रेकॉर्डिंग घेऊन जा. मोठ्याने आणि हळू, दोन्ही ऐका. हळू आवाजात खर्ज आपल्या कानालाच कमी ऐकू येतो, तो दोष स्पीकरचा नाही.