फायटिंग गेममध्ये पात्राचे वजन नक्की कुठे मोजले जाते? (मदत हवी आहे)

चांदणचुरा: नमस्कार. जड पात्र उशिरा उडते असे सगळीकडे वाचून मी मुद्दाम जड पात्र निवडले, तरीही ते समोरच्या हलक्या पात्राआधीच पडद्याबाहेर जाते. हे वजन नुसते दाखवण्यापुरते असते का? शनिवारी चुलतभावाशी डाव आहे आणि हरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची आहे, त्यामुळे कृपया लवकर सांगा. ‘सरावाने जमेल’ हे उत्तर नको, ते घरात रोज ऐकते.

निवांत: कोणता गेम, कोणते पात्र, समोर कोण आणि कोणत्या वाराने उडता, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. ‘पोटात दुखते, औषध सांगा’ अशातला हा प्रश्न झाला.

जुना भिडू: मी गेली बरीच वर्षे स्ट्रीट फायटर खेळतो. तिथे जडपणा उडण्यात नव्हे, तर जीवशक्तीत मोजतात. स्ट्रीट फायटर 6 मध्ये बहुतेकांची जीवशक्ती 10,000 आहे, धिप्पाड झँगिफची 11,000 आणि अकुमाची 9,000. तुम्ही झँगिफ घ्या आणि जवळ जाऊन पकडी करा, वजनाचा विचार डोक्यातून काढून टाका.

निवांत: अहो भिडू, त्यांनी ‘पडद्याबाहेर’ असे लिहिले आहे. स्ट्रीट फायटरमध्ये पडद्याबाहेर कोण जाते?

चांदणचुरा: क्षमस्व, मला वाटले ते उघडच आहे. गेम सुपर स्मॅश ब्रदर्स मेले (नाव अपशकुनी आहे, पण तेच आहे). भावाने गेमक्यूब (ज्यावर हा गेम चालतो ते यंत्र) अमेरिकेहून आणला आहे. मी सॅमस घेते, तो फॉक्स. त्याच्या अप-स्मॅशने (वरच्या दिशेचा जोरदार वार) मी 70–75 टक्क्यांनाच (मार खाल तसे हे टक्के साचत जातात) वरच्या कडेतून जाते. एकदा आम्ही दोघांनीही फॉक्स घेऊन पाहिला, तेव्हा तोच वार माझ्या फॉक्सने 80 पर्यंत सोसला. मग सॅमस जड कशी?

दशांश: आता प्रश्नाला आकार आला. मेलेमध्ये सॅमसचे वजन 110 आणि फॉक्सचे 75 आहे, म्हणजे सॅमस जड आहे यात वादच नाही. वार लागल्यावर पात्र किती जोराने फेकले जाईल, हे काढताना साचलेले टक्के आणि वाराची ताकद यांना 200 भागिले (वजन अधिक 100) या संख्येने गुणतात. मारिओचे वजन 100 असल्यामुळे त्याच्यासाठी ही संख्या बरोबर 1 येते, सॅमससाठी 0.95 आणि फॉक्ससाठी 1.14, म्हणजे या हिशेबापुरता फॉक्सला सॅमसच्या 1.2 पट फटका बसतो. परंतु वजनाचे काम तिथेच संपते. फेकले गेल्यानंतर पात्राला खाली ओढते ते त्याचे गुरुत्व आणि पडण्याचा वेग, आणि या गेममध्ये वजनाशी त्यांचा काहीही संबंध नाही. फॉक्सच्या पडण्याच्या वेगाचा आकडा 2.8 आहे आणि सॅमसचा अवघा 1.4. त्यामुळे फॉक्स जास्त जोराने निघतो, पण दगडासारखा खाली ओढला जातो. सॅमस सावकाश निघते आणि कंदिलासारखी वर जात राहते. तुमची निवड आडव्या माराला चांगली आहे, उभ्या माराला नाही.

कोपराखळी: दशांश, गणित सुरेख आहे, पण शनिवारी त्याचा उपयोग काय? चांदणचुराताई, वार लागताना तुम्ही कंट्रोलरची स्टिक (दिशा देणारी दांडी) कुठे धरता?

चांदणचुरा: खाली. वर जायचे नसेल तर खालीच दाबणार ना?

कोपराखळी: तिथेच घोटाळा आहे. उडण्याची दिशा फक्त आडव्या जोराने वळते. ज्या रेषेत उडत आहात त्याच रेषेत वर किंवा खाली दाबले, तर जवळजवळ काहीच होत नाही. वार बसल्यावर दोन्ही पात्रे क्षणभर थिजतात, त्या क्षणी स्टिक पूर्ण बाजूला, ज्या अंगाला उडणार त्या अंगाला, धरून ठेवा. रेषा जास्तीत जास्त सुमारे 18 अंशांनी कलते. तेवढ्याने तुम्ही तिरक्या जाल आणि वरची कड चुकेल.

जुना भिडू: खाली दाबणे चूक आहे हे मला पटत नाही. बसून मार खाल्ला की कमी उडतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

कोपराखळी: भिडू, ते वेगळे. वार लागण्याआधी जमिनीवर बसलेले असाल, तर फेकण्याचा जोर दोन-तृतीयांश होतो, आणि सॅमस त्याचा फायदा उत्तम घेते. हवेत असताना वार लागल्यावर खाली दाबून तो लाभ मिळत नाही.

दशांश: शिवाय रंगमंच (डाव ज्या जागी खेळतात तो) कोणता, हेही अजून कळलेले नाही. योशीज स्टोरीचे छत फार खाली आहे, ड्रीम लँडचे स्पर्धेतल्या मंचांत सर्वांत उंच.

चांदणचुरा: योशीज स्टोरी. नेहमी तोच निवडतो.

दशांश: मग तुमचा भाऊ भोळा नाही.

शेवटचा डाव: टीव्ही जुना घ्या. सपाट टीव्हीवर बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंत उशीर होतो, त्यामुळे स्टिक वेळेवर धरलीच जाणार नाही. आमच्याकडे माळ्यावरून 21 इंची डबा उतरवावा लागला होता.

निवांत: टीव्हीबद्दल कोणी विचारलेले नाही. तरी एक शंका आहे: गेमची प्रत अमेरिकी की युरोपीय? युरोपीय प्रतीत फॉक्सचे वजन 73 केले आहे.

चांदणचुरा: अमेरिकी. काल रात्री ड्रीम लँडवर सहा डाव खेळले. पहिल्या दोनांत सवयीने बोट खालीच गेले आणि ते दोन्ही हरले. तिसऱ्यात 90 टक्क्यांवर अप-स्मॅश लागला, मी उजवीकडे धरले आणि सॅमस कोपऱ्याकडे तिरकी जाऊन परत आली. त्यावर भावाने लगेच मंच बदलायचा हट्ट धरला. आता शनिवारी मंच कोणी निवडायचा, यावरून भांडण सुरू आहे.