रामसर दर्जाने पाणथळ जागा खरंच वाचतात का?

गोदाकाठ:
नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर पाणथळीला रामसर दर्जा, म्हणजे पाणथळ जागा जपण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत स्थान, मिळाल्याचं जानेवारी 2020 मध्ये जाहीर झालं. राज्यातली ही पहिलीच जागा. मागोमाग लोणार आलं, 2022 मध्ये ठाणे खाडी. देशात 2014 पर्यंत 26 जागा होत्या, आता नव्वदच्या वर गेल्यात. आनंदच आहे, पण नुसती यादी लांबवण्यात मला अर्थ दिसत नाही.

1971 साली इराणमधल्या रामसर शहरात हा करार झाला, आपण 1982 पासून त्यात आहोत. त्याचं कलम 3.2 सांगतं की प्रदूषण, बांधकाम किंवा माणसाच्या इतर हस्तक्षेपामुळे यादीतल्या जागेचं नैसर्गिक स्वरूप बदललं, बदलतंय किंवा बदलायची शक्यता असेल, तर सरकारने विनाविलंब कळवायचं. नांदूर मधमेश्वरला चापडगावच्या मनोऱ्यावरून हिवाळ्यात वारकरी, थापट्या, तलवार बदकं असे पाणपक्षी मनसोक्त दिसतात. पण वर गोदावरीत जलपर्णी माजलेली असते आणि नाशिकचं सांडपाणी याच नदीत येतं. हा बदल नाही तर काय? नव्या जागा मागण्याआधी या कलमाची अंमलबजावणी मागा, एवढंच म्हणतो.

कायदाच हवा:
कळवून होणार काय? या कराराला ना दंड, ना न्यायालय. धोक्यातल्या जागांची मॉन्ट्रो नावाची नोंदवही आहे, पण त्या त्या देशाच्या संमतीशिवाय तिच्यात नाव चढत नाही.

मणिपूरचं लोकटाक घ्या. 1983 मध्ये इथाई बंधारा झाला आणि सरोवराची पातळी वर्षभर चढी राहू लागली. तिथली तरंगती गवताळ बेटं, म्हणजे फुमदी, पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळाला टेकायची आणि मुळांना मातीतून पोषण मिळायचं. आता टेकतच नाहीत, त्यामुळे पातळ होत चालली आहेत. त्याच फुमदींवर संगाई हरीण जगतं. 1993 पासून लोकटाक त्या नोंदवहीत आहे. बंधारा जागच्या जागी आहे.

उलट आपल्या तिवरांना मुंबई उच्च न्यायालयाने वाचवलं. 2005 मध्ये अंतरिम आदेश आला. 2018 च्या निकालात तर तिवरं तोडणं म्हणजे घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भंग, असं न्यायालय म्हणालं. ठाणे खाडीला रामसर मिळालं त्यानंतर चार वर्षांनी.

गोदाकाठ:
लोकटाक सांगितलंत तर ओडिशाचं चिलिका सरोवरही सांगा. तेही 1993 मध्येच त्या नोंदवहीत गेलं. समुद्राकडचं मुख गाळाने बुजत चाललं होतं, खारेपणा घटला, गोड्या पाण्यातलं तण पसरलं, मासे कमी झाले. सप्टेंबर 2000 मध्ये ओडिशाने नवं मुख खोदलं, मासळी परत वाढली आणि 2002 मध्ये चिलिकाचं नाव नोंदवहीतून निघालं. नोंद झाल्यावर काम करणारी यंत्रणा असली की करार कामाला येतो. न्यायालय तोडणाऱ्याला थांबवतं, बुजलेलं मुख कोणी उघडायचं?

भिगवणची वाट:
दोघांच्याही म्हणण्यात भीमेवरचा उजनी धरणाचा जलाशय सुटला. त्याच्या काठच्या भिगवणला दरवर्षी रोहित पक्षी बघायला गर्दी होते, पण ही जागा रामसर यादीत नाही. करारात माणसाने बांधलेल्या पाणथळ जागाही येतात. नांदूर मधमेश्वर तरी दुसरं काय आहे, बंधाऱ्यामुळेच झालेलं. पण आपल्या 2017 च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेत. मात्र हेच नियम रामसर जागांना लागू होतात असंही त्यात स्पष्ट लिहिलंय. मग उजनीसारख्या जलाशयाला या यादीचाच आधार उरतो. म्हणून गोदाकाठ, नव्या जागा थांबवा हे मला अजिबात मान्य नाही. पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून आमच्याकडे येतंय, आम्ही किती थांबायचं?

निफाडकर शेतकरी:
सगळं वाचलं. आमचा नांदूर मधमेश्वरचा बंधारा शंभर वर्षांहून जुना, कालव्यांना पाणी द्यायला बांधलेला. त्यात गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, आणि म्हणून पक्षी आले. त्याच गाळामुळे पुराचं पाणी मागे सरकून चांदोरी-सायखेड्याला शिरतं. उभा ऊस, द्राक्षबाग पाण्यात जाते तेव्हा कुठलं कलम वाचायचं? गाळ काढा ही आमची मागणी जुनी आहे. आता तुमच्या कलम 3.2 प्रमाणे गाळ काढणं हाच बदल ठरणार असेल, तर आमचा या दर्जाला विरोध आहे.

गोदाकाठ:
दादा, विरोध समजू शकतो. पण त्याच करारात कलम 3.1 आहे, सुज्ञ वापराचं. माणसाला बाहेर काढा असं करार म्हणत नाही. शेती, मासेमारी चालू ठेवून पाणथळ टिकवायची, हाच त्याचा पाया आहे. पक्षी उथळ कडांवर चरतात, पूर अडतो तो मुख्य पात्रातल्या गाळाने. पात्रातला काढून कडा राखता येतील का, हे व्यवस्थापन आराखड्यात ठरायला हवं.

कायदाच हवा:
आराखडा कागदावरच राहिला तर जाब कुणाला विचारणार? शेवटी न्यायालयातच जावं लागेल, तेव्हा हा करार पुरावा म्हणून जोडा. त्यापलीकडे त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

निफाडकर शेतकरी:
आराखडा मराठीत करा, ग्रामपंचायतीत लावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. पात्र कुठे भरलंय, पाणी आधी कुणाच्या रानात शिरतं, हे आमच्याकडची म्हातारी माणसं बोट ठेवून दाखवतील. ते ऐकून गाळाची जागा ठरणार असेल तर बोलायला बसू. नाहीतर आमचा विरोध कायम.