मदत हवी: ट्रेलर जोडल्यावर गाडीत किती वजन चालतं?

फोंडेकर: शनिवारी निघायचंय, लवकर सांगा. लहान कॅम्पिंग ट्रेलर घेतलाय, चोर्ला घाटातून बेळगावला न्यायचाय. एक जण म्हणतो चालेल, दुसरा म्हणतो गाडी ओव्हरलोड होणार. पेलोड, म्हणजे गाडी स्वतःवर किती भार घेऊ शकते ते, काढायचं कसं?

डिचोलीकर: गाडी कुठली? ट्रेलर किती किलोचा? माणसं किती?

फोंडेकर: डिझेल एसयूव्ही. ट्रेलर रिकामा ७५० किलो.

शापोऱ्याचा होडीवाला: डिझेल आहे ना, मग कसली चिंता! माझी जीप दहा वर्षं होडीचा ट्रेलर ओढतेय. टॉर्क असला की झालं.

डिचोलीकर: टॉर्क ओढण्यासाठी. इथे प्रश्न गाडी स्वतःच्या अंगावर किती पेलते हा आहे. कंपनीने दिलेल्या ग्रॉस वजनातून (भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा) कर्ब वजन (माणसं-सामान नसलेल्या गाडीचं) वजा कर, उरेल तो पेलोड. त्यात माणसं, सामान, हिच (ट्रेलर जोडायचा हुक आणि त्याची चौकट) आणि ट्रेलरची दांडी हुकवर टाकते तो भारही धरायचा. हा भार भरलेल्या ट्रेलरच्या साधारण १० ते १५ टक्के, रिकाम्याच्या नव्हे.

होडीवाला: आम्हांला असलं गणित कधी लागलं नाही.

डिचोलीकर: म्हापसा ते शापोरा घाट नाही हो, काका.

मडगावकरीण: रिव्हर्सचा सराव आधी मोकळ्या मैदानात करा. ट्रेलर डावीकडे वळवायचा तर स्टेअरिंग आधी उजवीकडे. आमचा बंपर असाच गेला.

फोंडेकर: रिव्हर्स जमतो मला. ग्रॉस २६१०, कर्ब १९८०, म्हणजे ६३० ना? आम्ही सात जण. पाण्याची टाकी, गाद्या, भांडी धरून ट्रेलर ९५० होईल.

डिचोलीकर: सात जण हे आधी सांगायचं रे! ४५० किलो माणसांचे, हुकवर ९५ ते १४२. उरले ३८ ते ८५, त्यात हिच आणि बॅगा. अंदाजावर राहू नको. सगळ्यांना बसवून ट्रकांच्या काट्यावर जा, ट्रेलर जोडलेला ठेव आणि फक्त गाडीची चाकं काट्यावर घे. आकडा २६१०च्या आत हवा.

होडीवाला: सामान ट्रेलरच्या मागे सरकव, हुक हलका होतो.

डिचोलीकर: नको! मागे जड झाला की ट्रेलर डुलायला लागतो, उतारावर गाडीलाही फिरवतो.

फोंडेकर: काट्यावर २६५५ आले. भाऊ आणि वहिनी बसने येतील, टाकीही बेळगावात भरू. आणखी एक राहिलं, ट्रेलरला ब्रेक नाहीत. चालेल ना?

डिचोलीकर: थांब. बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा वेगळी असते आणि बरीच कमी. मॅन्युअलमधला आकडा इथे टाक, तोवर घाटात जाऊ नको.