बैठकीत ‘पुढे काय होणार’ यावर बंदी घालावी का?

खारेपाणी (धागाकर्ता):
गेल्या रविवारी देवळाच्या मंडपात आम्हा खाजनवाल्यांची, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांच्या मालकांची, बैठक झाली (पेडणे तालुका, गोवा). ती चालवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. विषय एवढाच: बांधाला पडलेलं भगदाड आणि मानशीच्या (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या मोरीच्या) दाराची कुजलेली फळी. पण दीड तास गेला कशात? मोपाचा विमानतळ झाला, आता दहा वर्षांनी शेत करणार कोण, जमिनी कोण घेणार, पोरं परतणार का. शेवटी म्हटलं, आज डोळ्यांना दिसतं तेवढंच बोला. मग वीस मिनिटांत फळी, माती, घरटी एक माणूस, सगळं ठरलं. दोन म्हातारे मात्र रागावून उठून गेले. माझं मत, बैठकीत भविष्य सांगणं बंदच हवं.

डिचोलीकर:
शंभर टक्के. मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने खाणी थांबल्या, तेव्हाच्या ट्रकवाल्यांच्या बैठका आठवतात. दर वेळी ‘पुढच्या सीझनला सुरू होणार, आतली खबर आहे.’ या महिन्याचा हप्ता कोणाकोणाचा थकलाय, हे एकानेही विचारलं नाही. मी ट्रक विकला तो पडत्या भावात, तोही उशिरा.

फोंड्याची मावशी:
डिचोलीकर भाऊ, तुमचं दुखणं कळतं, पण औषध भलतंच. कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा सरकारचा प्रादेशिक आराखडा २०११ आला तेव्हा डोंगर जागेवरच होते, शेतंही. बदलले होते ते फक्त नकाशातले रंग. ‘दिसतं तेवढंच’ म्हणत बसलो असतो तर? लोकांनी पुढचं ओळखून आवाज उठवला, म्हणून २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. आणि खारेपाणी, त्या म्हाताऱ्यांना एकदा विचारायचं तरी, ‘बाबा, भीती कसली वाटते?’

खारेपाणी:
मावशी, विचारलं असतं तर रात्र झाली असती.

फोंड्याची मावशी:
होऊ दे की! जत्रेच्या नाटकाला पहाटेपर्यंत बसतोच ना आपण?

भांगाचं पाणी:
दोघांचंही अर्धंच पटतं. विमानतळाचं काय होईल हा अंदाज झाला, पण अमावस्या-पुनवेला उधाण येणार हा काही अंदाज नव्हे. खाजनात एवढं ‘उद्या’ धरावंच लागतं. आमच्याकडे बांधाचं काम भांगाला काढतात, अष्टमीच्या आसपास, पाणी सुस्त असतं तेव्हा. मी बैठक चालवली असती तर हद्द घातली असती: पुढच्या उधाणापर्यंतचं आज बोला, त्यापलीकडचं वहीत लिहा, पुढल्या बैठकीत तोच पहिला विषय. वही मात्र खरंच उघडायची हं, नाहीतर ती गप्प बसवायची नवी तऱ्हा. बरं, तुमचं काम कधी ठरलंय?

खारेपाणी:
येत्या रविवारी. सगळ्यांना सुट्टी म्हणून.

भांगाचं पाणी:
तिथी?

खारेपाणी:
आत्ता भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. शनिवारी अमावस्या आहे. उठून गेलेल्यांपैकी एकाला फोन लावतोय, उचलत नाहीत.