प्रति: ख्रिस्त आत राहतो म्हणजे नेमकं काय?

वर एका भाऊने विचारलंय ना की ख्रिस्त आत राहतो म्हणजे अहं ब्रह्मास्मिसारखंच का, तर नाही भो, तिथं मीच ब्रह्म असं म्हणतात, इथं ख्रिस्त आणि माणूस दोघं वेगळेच राहतात, फक्त घर एक होतं. बायबलात इफिसकरांस 3:17 मध्ये ख्रिस्ताने तुमच्या हृदयात राहावं अशी पौलाची प्रार्थना आहे, तिथं 'राहणं'साठी जो मूळ ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ कायमची वस्ती करणं, पाहुण्यासारखं दोन दिवस टेकणं नाही, आणि गंमत म्हणजे ही प्रार्थना आधीच विश्वासात आलेल्यांसाठी आहे! म्हणजे ओट्यावर बसवलेल्याला माजघरात, कोठीत सगळीकडे फिरू द्यायचं. आमचं यावलकडे शेत, शेजाऱ्याशी बांधावरून सात वर्षं बोलणं बंद, रोज प्रार्थना करायचो पण ती एक खोली कुलूपबंद. मागच्या उन्हाळ्यात त्याची मोटर जळाली, केळी माना टाकायला लागली, आणि मी आपणहून आमच्या विहिरीवरून पाइप जोडून दिला, हातात पान्हा धरून स्वतःलाच म्हटलं हे आपलं काम नाय, आपण तर मजा बघत बसलो असतो. मी नाही तर ख्रिस्त माझ्यात जगतो, हे बायबलातलं गलतीकरांस 2:20 मला तिथं चिखलात कळलं, चर्चमध्ये नाही. बांध शेजाऱ्यानेच कोरलाय बरं का, तो वाद अजून आहेच.