मदत हवी आहे : मॅचबॉक्स गाड्यांच्या जुन्या खोक्यांवरची सेलोटेप कशी काढू?

नमस्कार मंडळी,

बाबांचे काका बोटीवर नोकरीला होते. 1960 च्या दशकात बोट लंडनला लागली की ते बाबांसाठी लेस्नी कंपनीच्या मॅचबॉक्स नावाच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्या घेऊन यायचे. गेल्या महिन्यात रत्नागिरीच्या घराचा माळा आवरताना त्यातल्या अकरा गाड्या सापडल्या आणि नऊ गाड्यांची मूळ खोकीही. गाड्यांचा रंग बराच उडालाय, बाबा अंगणात मातीत खेळायचे. त्याचं काही वाटत नाही. माझा जीव अडकलाय तो खोक्यांत.

ही मालिका 1953 मध्ये सुरू झाली. पहिल्या क्रमांकाला रोड रोलर होता, पुढे आकडे 75 पर्यंत गेले. खोकं खरोखरच काड्यापेटीसारखं, पिवळं-निळं. सुरुवातीच्या खोक्यांवर लेस्नीबरोबर मोको या वितरकांचं नाव असायचं, नंतर ते गेलं. माझ्याकडे 5 नंबरची लाल डबल डेकर आणि 75 नंबरची फोर्ड थंडरबर्ड आहे, क्रीम आणि गुलाबी. तिच्या खोक्यावरचं चित्र भिंगातून बघत मी परवा अर्धा तास बसलो होतो. बोटभर जागेत चित्रकाराने काचेवरची चमकसुद्धा सोडलेली नाही!

अडचण अशी की चार खोक्यांच्या फ्लॅपना कधीतरी सेलोटेप लावलीय. ती आता तपकिरी होऊन करकरीत झालीय, आणि डिंक पुठ्ठ्यात उतरून तेलकट डाग पडलेत. एक खोकं कसरीने जवळजवळ संपवलंय, त्याच्या तुकड्यावर प्रयोग केला. हेअर ड्रायर अगदी मंद ठेवून ऊब दिली तर वरचा प्लास्टिकचा पापुद्रा सुटतो, पण पिवळा चिकटा तसाच राहतो. म्हणून कापसाला थोडं थिनर लावून टेकवलं, तर निळी शाईच कापसावर आली. तिथेच थांबलो. एका फ्रेमवाल्याने सरळ लॅमिनेट करा म्हणून सांगितलं. ते मी करणार नाही, कारण एकदा केलं की परतीची वाट नाही.

तर, शाई न हलवता हा चिकटा काढता येतो का? की पापुद्रा काढून डाग तसाच राहू द्यावा? पुण्यात भांडारकर संस्थेत जुन्या पोथ्यांचं जतन होतं. तसल्या कामाचा अनुभव असलेलं इथे कुणी असेल तर कृपया लिहा.

गाड्या खोक्यातच ठेवाव्यात का? दर वेळी आत-बाहेर करताना फ्लॅप घडीवर फाटतो, म्हणून सध्या वेगळ्या ठेवल्यात.

अजून एक. खोकी नसलेल्या दोन गाड्यांपैकी एकीचं खोकं एक जण विकतोय. फोटोत त्याचा पुठ्ठा आतून पांढराशुभ्र दिसतो, माझे सगळे आतून करडट आहेत. नव्याने छापलेली खोकी बाजारात असतात हे माहीत आहे, आणि नवं म्हणून विकलं तर माझी हरकत नाही. पण हा ‘ओरिजिनल’ म्हणतोय. पैसे देण्याआधी त्याच्याकडून कशाकशाचे फोटो मागवू?

पावसाळा तोंडावर आलाय आणि आमच्याकडे जूनमध्ये कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. तोपर्यंत खोकी वर्तमानपत्रात न गुंडाळता स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलीत. यात काही चुकत असेल तर आधी तेवढं सांगा, बाकीचं सावकाश चालेल.