मदत हवी आहे: एनसीव्हीत (नसांचा वेग मोजायच्या तपासणीत) हाताच्या मीडियन नसेसोबत अल्नरही लांबलीये, रिपोर्ट काय लिहू?

मिलिव्होल्ट
पेशंट ४८ वर्षांच्या, शिवणकाम करणाऱ्या बाई. दोन्ही हातांना अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत रात्री मुंग्या येतात, हात झटकला की बरं वाटतं. मानही अधूनमधून दुखते. नस मनगटात दबलीये की मानेत, एवढंच डॉक्टरांना हवंय.

उजव्या हाताचे आकडे देतो, डावाही तसाच आहे. मीडियन (अंगठ्याकडच्या बोटांची नस) सेन्सरी, म्हणजे स्पर्शाची बाजू, तर्जनीवर रिंग इलेक्ट्रोड, १४ सेंमीवरून शॉक: वेव्हच्या पीकपर्यंत ४.१ मिलिसेकंद, ६२ मायक्रोव्होल्ट. अल्नर (करंगळीकडची नस), करंगळी, तेवढंच अंतर: ३.७ आणि ५८. मीडियन मोटर (स्नायू हलवणारी बाजू) ७ सेंमीवर ४.५ मिलिसेकंद, ९ मिलिव्होल्ट, कोपर ते मनगट वेग ४७ मीटर प्रतिसेकंद. सेन्सरीला फिल्टर २० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झ, ५० हर्ट्झचा नॉच (विजेची गुणगुण कापणारा फिल्टर) बंद. डायबेटिस नाही. पॉलीन्यूरोपथी (एकाच वेळी अनेक नसांचा आजार) लिहावी का?

ओहमचा नियम
थांबा, लिहू नका. हाताचं तापमान किती होतं? सगळे आकडे दिलेत, नेमकं तेच नाही.

लेटन्सी (वेव्ह यायला लागलेला वेळ) लांबलेली आणि अँप्लिट्यूड (वेव्हची उंची) मात्र ६२, हे गणित रोगाचं नाही, गार हाताचं आहे. थंडीत नसेतली सोडियमची दारं उशिरा मिटतात, त्यामुळे वेव्ह सावकाश येते, पण रुंद आणि उंच येते. कातडी एक अंश गार झाली की वेग साधारण दीड ते अडीच मीटरने उतरतो आणि डिस्टल लेटन्सी ०.२ मिलिसेकंदाने वाढते. एसी १८ वर ठेवून काढलेले ‘बायलॅटरल सिव्हिअर’ रिपोर्ट रोज कुठे ना कुठे छापले जात असणार.

हात कोपरापर्यंत कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, कोरडा पुसा, तळहातावर प्रोब लावून ३२ च्या वर आहे का बघा आणि सगळं पुन्हा काढा. कातडी लवकर तापते, आतली नस मागून तापते, तेव्हा घाई नको. सूत्र लावून आकडे ‘दुरुस्त’ करू नका. ती सूत्रं निरोगी नसेवर बेतलेली आहेत, दबलेल्या नसेला लागू पडतीलच असं नाही. आणि पॉलीन्यूरोपथीची शंका असेल तर हाताआधी पायाची सूरल नस बघायची. ती चांगली असेल तर तो विषय बहुतेक तिथेच मिटला.

तर्जनी
+१. शिवाय तळहाताची तुलना करा. मीडियनला तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या फटीच्या रेषेत, अल्नरला अनामिका आणि करंगळीच्या मधल्या फटीच्या रेषेत शॉक द्यायचा, ८ सेंमीवर मनगटाशी टिपायचं. एकच हात, एकच अंतर, एकच तापमान, त्यामुळे थंडीची चूक दोन्हीकडे सारखी पडते. फरक ०.४ मिलिसेकंद किंवा जास्त आला तर मीडियन मनगटात अडलीये.

हे ०.४ फार लहान असतं, म्हणून टेप नीट धरा. ५० मीटरच्या वेगाला अर्धा सेंटिमीटर चुकला की ०.१ गेलं. मनगट वाकलेलं असताना मोजलं तर हमखास चुकतं. शॉकही बेताचा हवा. जास्त दिला तर शेजारची नसही पेटते आणि दोन्ही आकडे खोटेच जवळ येतात.

मिलिव्होल्ट
धन्यवाद दोघांनाही. तापमान २८.५ निघालं! ३२.८ वर नेऊन पुन्हा काढलं: तर्जनी ३.५ आणि ४४ मायक्रोव्होल्ट, करंगळी ३.१, मोटर ३.९, वेग ५५. सूरल दोन्हीकडे चांगली. तळहात मात्र मीडियन २.४, अल्नर १.८. डावीकडे फरक ०.५. म्हणजे तर्जनी काठावर नॉर्मल आणि तळहात नॉर्मल नाही. मानेसाठी सुई (स्नायूंची ईएमजी तपासणी) घालू का?

ओहमचा नियम
तर मग सौम्य कार्पल टनेल (मनगटाच्या बोगद्यात मीडियन दबणं), दोन्हीकडे. तर्जनीचे १४ सेंमी मोजताना मनगटातला अडलेला छोटा तुकडा चांगल्या नसेत विरघळतो, ८ मध्ये तो उठून दिसतो. म्हणूनच तळहात.

सुईचं म्हणाल तर, जोर कमी असेल, स्नायू सुकला असेल किंवा दुखणं मानेतून दंडात उतरत असेल तर घाला. मानेत नसेचं मूळ दबलं तरी सेन्सरी वेव्ह चांगलीच येते, कारण दाब गँग्लियनच्या (सेन्सरी नसेच्या पेशींच्या गाठीच्या) अलीकडे, मणक्याच्या बाजूला असतो. त्यामुळे मूळ शोधायला सुईच लागते. अंगठ्याच्या बुडाचा एपीबी, कोपराखालचा प्रोनेटर टेरीस, दंडामागचा ट्रायसेप्स आणि मानेचे पॅरास्पायनल (मणक्यालगतचे) हे स्नायू घ्या. प्रोनेटरला नस मीडियनचीच, पण मनगटाच्या कितीतरी वर, आणि ट्रायसेप्स तर रेडियल या वेगळ्याच नसेचा. या दोन्हींत फिब्रिलेशन (नस तुटलेल्या स्नायूची आपोआप होणारी फडफड) दिसलं तर ते मनगटाचं नाही, मानेतलं सी७ मूळ पकडा. त्रास तीन आठवड्यांच्या आतला असेल तर हातातली सुई गप्प बसू शकते, हे बाईंना आधी विचारून घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, तेही.

तर्जनी
रिपोर्टात तापमान आणि अंतरं छापा. उद्या ऑपरेशननंतर कुणी दुसऱ्या लॅबमध्ये तुलनेला बसलं तर नुसत्या ३.५ चं तो करणार काय?